उपग्रहामागे फिरणारा अँटेना: गावातल्या हॅमने रोटेटर कसा निवडावा

तुरीत रानडुकरं शिरायला लागली की आमच्या वर्धा जिल्ह्यात रात्रीची जागल सुरू होते. मचाणावर बसणाऱ्याजवळ बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एकीचा उजेड पसरट असतो. ती कशीही धरली तरी समोरची दहा-वीस तासं दिसतात, पण धुऱ्यापलीकडे काही दिसत नाही. दुसरीचा झोत बारीक असतो. तो पार नाल्यापर्यंत पोचतो, मात्र डुक्कर पळालं की झोतही त्याच्यामागे फिरवावा लागतो. मनगट जरा चुकलं की डुक्कर अंधारात गेलं.

उपग्रहाकडे रोखलेल्या अँटेनाचं सगळं गणित या दोन बॅटऱ्यांत आहे. रोटेटर म्हणजे अँटेना फिरवणारं यंत्र, ते मनगट.

तालुक्याच्या गावी माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवानाही आहे. आजूबाजूच्या गावांतली कॉलेजची मुलं, एखाद-दोन शाळांचे विज्ञान शिक्षक अधूनमधून दुकानात येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, कोणता रोटेटर घेऊ?" माझ्या मते हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी ठरवायचं की कोणते उपग्रह ऐकायचे. मग त्यासाठी अँटेना कोणता, आणि त्याचा झोत किती रुंद. एवढं ठरलं की रोटेटर जवळजवळ आपोआप ठरतो, आणि बऱ्याच वेळा वाटला होता त्याच्या निम्मा पुरतो.

मुळापासून सांगतो. हौशी रेडिओवाल्यांचा पहिला उपग्रह ऑस्कर-१ हा १२ डिसेंबर १९६१ रोजी उडाला. आपल्या इस्रोने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून हॅमसॅट सोडला आणि तो २०१४ पर्यंत जगभरच्या हॅमना उपयोगी पडला. मला सगळ्यात जिव्हाळा आहे तो एओ-७चा. तो १९७४ साली गेला, १९८१ मध्ये त्याची बॅटरी निकामी होऊन तो मुका झाला, आणि २००२ मध्ये अचानक पुन्हा बोलायला लागला. बॅटरीविना, नुसत्या उन्हावर! सावलीत गेला की गप्प, उन्हात आला की सुरू. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही हॅम रेडिओ आहे. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथूनच हॅम रेडिओवर आपल्या विद्यार्थ्यांशी बोलले होते.

यातले बहुतेक उपग्रह पृथ्वीभोवती खालून, वेगाने फिरतात. अंतराळ स्थानक सुमारे ४२० किलोमीटर उंचीवरून जातं आणि दीड तासात एक फेरा पुरा करतं. आपल्या आकाशात ते एका बाजूने उगवतं आणि जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटांत दुसऱ्या बाजूला मावळतं. या एका येण्याजाण्याला आम्ही पास म्हणतो. पासभर अँटेनाचं तोंड उपग्रहाकडे ठेवायचं तर दोन हालचाली लागतात. एक आडवी: उत्तरेला शून्य धरून पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. तिला अझिमथ म्हणतात. दुसरी उभी: क्षितिजाला शून्य, डोक्यावर ९०. ती एलिव्हेशन. आडवी हालचाल एका मोटरची, उभी दुसरीची. दोन्ही मोटरी असलेला तो अझ-एल रोटेटर, आणि तो महाग असतो.

आता खरी मेख.

उपग्रह आकाशात कुठे किती वेळ असतो? आपल्याला वाटतं की तो बराच वेळ डोक्यावर असतो. तसं नसतं. स्थानकाच्या उंचीचा ढोबळ हिशेब मी मांडून पाहिला आहे. महिन्याभरात ते आपल्याला जेवढा वेळ दिसतं, त्यातला दहाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळ ते ३० अंशांच्या वर असतं. उरलेला सगळा वेळ ते बाभळीच्या शेंड्यांजवळ, क्षितिजाच्या कडेकडेने जातं. एओ-७सारख्या सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या उपग्रहांचंही तेच. त्यांचा ३० अंशांवरचा वेळ पाचव्या हिश्शाच्या आत राहतो.

दुसरं, क्षितिजावर असताना स्थानक आपल्यापासून सुमारे २,३५० किलोमीटर दूर असतं. डोक्यावर आलं की फक्त ४२०. म्हणजे अंतर साडेपाचपट कमी झालं. रेडिओची ताकद अंतराच्या वर्गाने घटते, त्यामुळे डोक्यावरून येणारा आवाज क्षितिजावरच्यापेक्षा तीसपट जोरकस असतो. लांब फेकीची बॅटरी कुठे लागते ते बघा: खाली, कडेला. डोक्यावर आलेल्या उपग्रहाला तर साध्या बॅटरीचा उजेडही पुरतो.

या दोन गोष्टी जोडल्या की स्वस्त आणि टिकाऊ उपाय समोर येतो. अँटेना क्षितिजापासून २०-२५ अंश वर तिरपा करून कायमचा आवळून टाका आणि फक्त आडवा फिरवा. एकच मोटर. ७० सेंटिमीटर पट्ट्याच्या (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) सात काड्यांच्या यागीचा, म्हणजे एका दांड्यावर काड्या लावलेल्या अँटेनाचा, झोत साधारण ४५ अंश रुंद असतो, त्यामुळे क्षितिजापासून ४५ अंशांपर्यंतचं आकाश त्यात येतं. उपग्रह ६० अंशांवर गेला तर झोताबाहेर पडेल हे खरं. पण तेव्हा तो ४८० किलोमीटरवर असतो, आणि १० अंशांवर असताना होता जवळपास १,५०० वर. झोत चुकल्याने जेवढं गमावलं, तेवढं जवळ आल्याने भरून निघतं. अगदी डोक्यावरून जाणाऱ्या मोजक्या पासमध्ये मधली मिनिट-दीड मिनिट आवाज दबतो, बस. ज्याला एफएम उपग्रहांवर बोलायचं आहे, स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारी चित्रं पकडायची आहेत, त्याने याहून जास्त खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याहीआधी एक पायरी आहे, ती गाळू नका. स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर लावून हातात धरायचा यागी बनवा आणि एक महिना मोकळ्या वावरात उभं राहून हातानेच उपग्रहामागे फिरवा. एसओ-५० या उपग्रहाचा आवाज ४३६.७९५ मेगाहर्ट्झवर शोधा. तो येताना काही किलोहर्ट्झ वर सापडतो आणि जाताना खाली सरकतो, जवळ येणाऱ्या एसटीचा भोंगा बारीक आणि दूर जाणाऱ्याचा जाड वाटतो तसा. हा महिना मनगटाला जे शिकवतो ते कोणताही माहितीपट शिकवणार नाही. किती चुकलं तरी चालतं, हे कळतं. ऐकण्यापलीकडे जाऊन बोलायचं असेल तर मात्र दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्या, त्याला पर्याय नाही.

मग दोन मोटरींचा रोटेटर कुणाला लागतो? आरएस-४४ किंवा एओ-७वर एसएसबी या, एफएमहून वेगळ्या पद्धतीने बोलणाऱ्याला. हे उपग्रह उंचावर असल्याने पास वीस-वीस मिनिटं चालतो. त्या वेळात ऐकायची आणि बोलायची अशा दोन फ्रिक्वेन्सी सांभाळायच्या, समोरच्या हॅमचे कॉलसाइन (ओळखीची अक्षरं) लिहायचे आणि वर हातात अँटेना, हे माणसाच्या दोन हातांचं काम नाही. ज्याला घरी नसतानाही डेटा उतरवून घ्यायचा आहे त्यालाही लागतो. आणि २.४ गिगाहर्ट्झसारख्या वरच्या पट्ट्यात छत्री, म्हणजे डिश, वापरणाऱ्याला तर लागतोच, कारण तिथे एक मीटरच्या छत्रीचा झोत नऊ अंशांच्या आत आलेला असतो.

आणि एकाला अजिबात लागत नाही: क्यूओ-१०० ऐकणाऱ्याला. हा भूस्थिर उपग्रह २५.९ अंश पूर्वेवर कायम एका जागी उभा आहे. आमच्याकडून तो पश्चिमेला, जरासा दक्षिणेकडे, सुमारे २५५ अंश दिशेला आणि २७ अंश उंचीवर दिसतो. एकदा छत्री तिकडे बांधली की काम झालं.

अचूकता किती लागते, यावर लोक फार अडतात. जाहिरातीत ०.१ अंश वाचतात आणि तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजतात. साधा नियम असा की झोताच्या रुंदीच्या पाव हिश्शाइतकी चूक झाली तर एक डेसिबलसुद्धा तोटा होत नाही. झोत ४० अंशांचा असेल तर १० अंश चुकलात तरी आवाजात कानाला फरक जाणवणार नाही. यागीवाल्याने ५ अंश अचूकता पुष्कळ समजावी. नऊ अंशांच्या झोताच्या छत्रीवाल्याला मात्र एक-दोन अंशांत राहावंच लागेल.

वेगाचीही अशीच भीती घातली जाते. स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण एक अंश सरकतं. एवढा वेग कोणतीही मोटर देते. अडचण आडव्या मोटरीची. समजा पास ८५ अंशांपर्यंत चढला, तर माथ्याजवळ उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे एकदम उलटतो आणि आडव्या मोटरीला सेकंदाला ११ अंशांहून जास्त फिरावं लागतं. यासूचा जी-५५०० हा हॅम लोकांत वर्षानुवर्षं चाललेला रोटेटर. तो पूर्ण फेरा ५८ सेकंदांत करतो, म्हणजे सेकंदाला सहा अंश, आणि तेही ६० हर्ट्झ विजेवर. मग तो मागे पडणार का? पडतो. पण बिघडत काही नाही. ८५ अंश उंचीवर असताना आडवी दिशा तब्बल ९० अंशांनी चुकली तरी आकाशात प्रत्यक्ष चूक सात अंशांचीच होते. घुमटाच्या कळसाजवळ उभं राहून पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला एक पाऊल पुरतं, पायथ्याशी तेवढ्यासाठीच अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते, तसं हे आहे. यागीचा रुंद झोत ती सात अंशांची चूक सहज पोटात घालतो. म्हणून यागीवाल्याने केवळ जास्त वेग मिळतो म्हणून जास्त पैसे देऊ नयेत.

मला ज्याची खरी काळजी वाटते ती गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: थोपवून धरण्याचा जोर. जी-५५००ची आडवी मोटर फिरवताना सुमारे ६ किलोग्रॅम-मीटर जोर लावते, म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकाला सहा किलोचा रेटा. पण थांबलेली असताना ती सुमारे ४० किलोग्रॅम-मीटर थोपवते. आपल्याकडे हा दुसरा आकडा महत्त्वाचा. ताशी १०० किलोमीटरचा वारा अर्ध्या चौरस मीटर आडोशावर २५ ते ३० किलोचा रेटा देतो, आणि वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पहिल्या वर्षी मी साध्या दातेरी गिअरची मोटर लावली होती. फिरायची छान. मृगाच्या पहिल्या वादळात वाऱ्याने अँटेनाच उलटा फिरवला, गिअरचे दात साफ झाले आणि केबल खांबाला तीन वेढे घालून तुटली. रात्री दोन वाजता विजा चमकत असताना मी खालून ते नुसतं बघत होतो.

तेव्हापासून मी फक्त वर्म गिअर मानतो. स्क्रूचा जॅक आठवा. दांडा फिरवला की ट्रॉली वर येते, पण ट्रॉलीच्या वजनाने दांडा उलटा फिरत नाही. वर्म गिअर तसाच. मोटर त्याला फिरवू शकते, वारा मोटरीला फिरवू शकत नाही. वीज गेली तरी अँटेना जिथे आहे तिथेच उभा राहतो. पोलंडच्या स्पिड कंपनीचे रोटेटर यासाठीच नावाजलेले आहेत. ते दणकट आहेत आणि मोठ्या अँटेनाला तेच शोभतात.

वारा एकवेळ परवडला, वानरं नाही. दहा-पंधरा किलोचा वानर कौलावरून झेप घेतो आणि थेट बूमच्या, म्हणजे अँटेनाच्या लांब दांड्याच्या, टोकावर येऊन बसतो. मागून त्याचा सगळा कळप. यावर माझ्याकडे पक्का इलाज नाही. बूम आखूड ठेवतो, टोकाला हात घालता येईल असं काही मोकळं सोडत नाही, आणि वापर नसताना अँटेना सरळ वर, ९० अंशांवर उभा करून ठेवतो. आडवी काठी दिसली तरच ते बसायला येतात. वादळातही हीच स्थिती बरी, कारण वाऱ्याला बूमचा हात धरून अँटेना फिरवायला जागा उरत नाही.

दोन अँटेना एका रोटेटरवर लावायचे तर मध्ये एक आडवा दांडा लागतो. तो लोखंडी घेतला तर अँटेनाच्या काड्यांशी भांडतो, झोत बिघडवतो. बाहेर फायबरग्लासची नळी वापरतात. मी गोंदियाकडून आलेला जुना, भरीव बांबू वापरला आहे. वाळवून, अळशीचं तेल पाजून, वरून पांढरा रंग देऊन. हलका, ताठ आणि विजेला अवाहक. त्याचं वजन दोन्हीकडे सारखं तोलून घ्या. दांडा मधोमध बोटावर धरला तर कुठेच कलायला नको. तोल साधला की छोटी मोटरसुद्धा मोठा अँटेना उचलते. तोल चुकला तर मोठी मोटरही दोन वर्षांत खेळ देऊ लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर तिला प्ले येतो.

अजून एक बाब खरेदीआधी विचारून घ्या: रोटेटर किती अंश फिरतो? केबल गुंडाळली जाऊ नये म्हणून प्रत्येक रोटेटरला कुठेतरी थांबा असतो. तो ३६० अंशांचा असेल आणि पास नेमका थांब्यावरून जात असेल, तर पास मध्यावर सोडून अँटेनाला उलटा पूर्ण फेरा मारावा लागतो. तेवढ्यात उपग्रह निघून जातो. जी-५५०० आडवा ४५० अंश फिरतो. वरचे ९० अंश त्यासाठीच. शिवाय त्याची उभी हालचाल १८० अंशांची आहे, म्हणजे अँटेना डोक्यावरून पलीकडे झुकू शकतो. डोक्यावरून जाणाऱ्या पासला आडवी मोटर एका दिशेला ठेवून नुसत्या उभ्या मोटरीने सगळं आकाश पार करता येतं. घरी बनवणाऱ्यांनी निदान ही सोय तरी जरूर ठेवावी.

आता घरी बनवण्याबद्दल. आयात केलेला अझ-एल रोटेटर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून मोटारसायकलच्या किमतीला जाऊन भिडतो. शाळेला ते शक्य नसतं. ट्रकच्या वायपरची मोटर भंगारात मिळते. ती १२ किंवा २४ व्होल्टवर चालते आणि तिच्या पोटात आधीच वर्म गिअर असतो. पण ती मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे मारते, आपल्याला हवा मिनिटाला एक. म्हणून तिच्यापुढे एकास पन्नासचा वर्म गिअरबॉक्स जोडायचा. उभ्या हालचालीला जुन्या मोठ्या छत्र्यांचा ॲक्च्युएटर, म्हणजे स्क्रूवर पुढे-मागे होणारा दांडा, उत्तम. तोही आपोआप थोपतो, फक्त तो १८० अंशांची उलटी देत नाही.

ग्रीसमध्ये सॅटनॉग्स नावाचा प्रकल्प उभा राहिला, आता तो लिब्रे स्पेस फाउंडेशन चालवतं. २०१४ चं हॅकडे प्राइझ त्याला मिळालं. त्यांच्या रोटेटरचे सगळे आराखडे खुले आहेत, भाग थ्रीडी प्रिंटरवर छापता येतात, आणि आपलं स्टेशन त्यांच्या जगभरच्या जाळ्यात जोडता येतं. कॉलेजच्या मुलांना मी हाच रस्ता दाखवतो. पण आमच्या उन्हाची एक ताकीद देतो. साधं पीएलए प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात हवेतच ४६-४७ अंश असतात, मग स्लॅबवर उन्हात तापलेला काळा डबा किती तापत असेल! गिअर मेणासारखे वाकतात. पीईटीजी वापरा, एएसए किंवा एबीएस मिळालं तर आणखी बरं, आणि डब्याला पांढरा रंग द्या.

अँटेना कुठे बघतोय हे कंट्रोलरला (मोटरी चालवणाऱ्या डब्याला) कळायला एक डोळा लागतो. जुन्या पद्धतीत पोटेन्शिओमीटर असतो, आवाज कमी-जास्त करायच्या बटणासारखा. स्वस्त आहे, पण कापसाच्या हंगामातल्या धुळीने झिजतो आणि आकडे उड्या मारू लागतात. एएस५६०० नावाची छोटी चिप समोर फिरणाऱ्या चुंबकाची दिशा ओळखते, त्यामुळे ती घासतच नाही आणि पूर्ण फेऱ्याचे ४,०९६ भाग मोजते. घरगुती कामाला मी तीच लावतो. उभ्या कोनासाठी मोबाइलमध्ये असतं तसलं उतार मोजणारं सेन्सर बूमवर चिकटवलं तरी भागतं. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण कधी खोटं बोलत नाही.

कंट्रोलर आणि संगणक यांची भाषा जुळली पाहिजे. जीएस-२३२ आणि इझीकॉम या दोन भाषा सर्वत्र चालतात. दोन्ही साध्या आहेत: इतकी दिशा, इतकी उंची, जा. संगणकावर जीप्रेडिक्ट हे मोफत सॉफ्टवेअर उपग्रहाची जागा काढतं आणि हॅमलिब नावाच्या दुभाष्यामार्फत कंट्रोलरला सांगतं. घेताना एवढंच विचारा की या दोनपैकी एक भाषा येते का. स्वतःचीच वेगळी भाषा बोलणारा कंट्रोलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेवा. उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर जातो, घड्याळ मिनिटभर मागे असेल तर अँटेना साडेचारशे किलोमीटर मागची जागा बघत बसेल. कक्षेचे आकडेही आठवड्याला ताजे करून घ्यायचे.

विजेचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी गावातला व्होल्टेज पडतो, कधी लाइनच जाते. ट्रान्सफॉर्मरवर चालणारी मोटर तेव्हा रेंगाळते. शक्य असेल तर १२ किंवा २४ व्होल्ट डीसीची मोटर घ्या आणि सोलरच्या बॅटरीवर चालवा. तारा मात्र जाड घ्या. तीस मीटर बारीक तारेत मोटरीच्या वाट्याचे दोन-तीन व्होल्ट सहज खाल्ले जातात.

वरच्या सगळ्याइतकाच महत्त्वाचा खर्च रोटेटरचा नाहीच. आरजी-५८ केबल २० मीटर टाकली तर ४३५ मेगाहर्ट्झवर आलेल्या संकेतातला पाऊण हिस्सा केबलमध्येच जिरतो. चांगल्या एलएमआर-४०० केबलमध्ये संकेताचा तिसरा हिस्साच जिरतो. खांबावर, अँटेनाजवळच एक प्रीअँप, म्हणजे संकेत वाढवणारा छोटा डबा, लावला तर आणखी फरक पडतो. एका शिक्षकांनी मला विचारलं होतं की रोटेटर बदलला तर आवाज सुधारेल का. आम्ही फक्त केबल बदलली. त्याच संध्याकाळी मुलांनी उपग्रह ऐकला.

खांब उभारताना आमची काळी माती आठवा. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तीत वरवर गाडलेला खांब दोन वर्षांत कलतो आणि रोटेटरच्या बेअरिंगवर तिरपं वजन येतं. मुरूम लागेपर्यंत खोदा आणि तिथून काँक्रीट घ्या, नाहीतर पक्क्या भिंतीला धरून खांब उभा करा. खांबाला अर्थिंग द्या. मे-जूनच्या विजांत अँटेनाची केबल काढून ठेवायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण रोटेटरची तार विसरतात. तीही बारा तारांची वाट आहे, थेट तुमच्या टेबलापर्यंत. तिलाही प्लग लावा आणि दामिनी ॲपने इशारा दिला की दोन्ही उपसून ठेवा.

शेवटचं काम दिशा जुळवण्याचं. विदर्भात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, हे आपलं भाग्य. फक्त लोखंडी खांबापासून दूर उभं राहून बघा. रात्री ध्रुवतारा २१ अंशांवर दिसतो, त्याच्याशी ताडून घ्या. दिवसा सूर्य आहेच. मोबाइलवरून त्या क्षणाची सूर्याची दिशा आणि उंची घ्यायची, कंट्रोलरला तेवढी सांगायची आणि बूमच्या मागे पुठ्ठा धरायचा. बूमची सावली आखडून तिचा एवढासा ठिपका झाला की अँटेना बरोबर सूर्याकडे बघतोय. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला आमच्याकडे भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो. त्या दिवशी ९० अंशांचा खुणेचा दगड आयता मिळतो.

पहिल्या पासला संगणकापाशी बसू नका, छतावर जा. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं होतं, "बाबू, हे आपोआप काऊन फिरून राह्यलं?" मी वर बोट दाखवलं, पण माझी नजर केबलवर होती. तुमचीही तिथेच राहू द्या. खांबाजवळ केबलचा सैल वेढा किती आवळतो, कुठे अडकतो, थांब्याला पोचल्यावर ताण येतो का, हे पहिल्या पासमध्येच दिसतं. वेढा हातभर जास्त सोडा आणि दुसऱ्या पासची वाट बघा. तो बहुतेक वेळा दीड तासाने येतोच.